बोनस माझा, वर्ग त्याचा

पत्र टेक्सासमधल्या एका हायस्कूलच्या असिस्टंट प्रिन्सिपल ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देत आहोत.

ताई मूळच्या महाराष्ट्रातल्या. अमेरिकेत बरीच वर्षं गणित शिकवून मग प्रशासनात आल्या. त्यांच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, प्रिन्सिपल आणि असिस्टंट प्रिन्सिपल यांना वार्षिक बोनस सुरू केला आहे. एपी वर्गांत, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या तोडीचं शिकवणाऱ्या वर्गांत, किती मुलं बसली, या आकड्यावर त्याचा मोठा भाग ठरतो, आणि हा आकडा ऑक्टोबरअखेरच्या पटावरून घेतला जातो. या वर्षी शाळेने आकडा गाठला. ताईंना मिळालेली रक्कम घराच्या एका हप्त्याएवढी आहे. पण त्यांनीच समजावून एपी वर्ल्ड हिस्टरीत बसवलेला दहावीतला एक मुलगा गटांगळ्या खातो आहे. संध्याकाळी तो काकांच्या रेस्टॉरंटमध्ये काम करतो. ऑक्टोबरच्या मध्यात 'मला साध्या वर्गात जाऊ द्या' म्हणत तो आला, तेव्हा ताई म्हणाल्या, 'अजून दोन आठवडे थांब, जमेल.' मग वर्ग बदलायची मुदत संपली. "मी त्याच्या भल्यासाठी म्हणाले की आकड्यासाठी, हे मलाच सांगता येत नाही," असं त्या लिहितात. बोनस परत करावा? वरिष्ठांशी भांडावं? की सगळं सोडून पुन्हा फळ्यापुढे उभं राहावं? शिवाय मराठी मंडळातले पालक 'किती एपी घ्यायचे?' हे त्यांनाच विचारतात. त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

ताई,

भल्यासाठी की आकड्यासाठी, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याचं खात्रीचं उत्तर तुम्हाला कधीच मिळणार नाही, आणि मिळालं तरी त्या मुलाचा इतिहासाचा पेपर काही सुधारणार नाही. तुम्ही वीस वर्षं मुलांना 'थांब, जमेल' म्हणत आलात. बोनस नसतानाही म्हणत होतात, आणि बहुतेकांना जमलंही असेल. आता तेच वाक्य म्हणायचे पैसे मिळतात. त्यामुळे ते वाक्य खोटं ठरत नाही, पण खरं कधी आणि सवयीचं किंवा सोयीचं कधी, हे ओळखायची तुमची जुनी शक्ती मात्र बोथट होते. ज्याने ही योजना आखली त्याने तुमच्याकडून एवढी एक गोष्ट नक्की काढून घेतली आहे.

मला तुमच्या पत्रात अडखळायला झालं ते त्या दोन आठवड्यांपाशी. मुलगा मध्यात आला, आकडा अखेरीला उचलला गेला. मध्ये दोनच आठवडे. बोनसची तारीख आणि वर्ग बदलायची तारीख अशा लगटून ठेवल्या की कुठल्याही भल्या माणसाच्या हातून हेच होईल. म्हणून या उत्तरात मी तुमच्या मनापेक्षा तारखांबद्दल जास्त बोलणार आहे.

इकडच्या वाचकांसाठी दोन ओळी. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५०च्या दशकापासून हे चालवते. शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, १ ते ५ मध्ये गुण मिळतात. ३ किंवा वर मिळाले की बरीच कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांनी थोडे अपवाद सोडून ३ वर क्रेडिट द्यावं, असा २०१५चा कायदाच आहे. शिवाय एपीच्या वर्गाला बहुतेक ठिकाणी जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, जास्त वजन मिळतं. क्लास रँक, म्हणजे इयत्तेतला क्रमांक, त्यावर ठरते, आणि यूटी ऑस्टिन या टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात तिथल्या मुलांना आपोआप प्रवेश मिळण्याची रेषा आता वरच्या ५ टक्क्यांवर आली आहे. म्हणजे आकड्यामागे धावणारे तुम्ही एकट्या नाही. मुलं, पालक, रिअल इस्टेट एजंट, सगळेच धावतात.

आता तुमच्या मनातलं एक गृहीतक. पैसा आला म्हणून हे काम बाटलं, पूर्वी बोनस नव्हता तेव्हा मुलांना त्यांच्या कुवतीप्रमाणे नीट बसवलं जात होतं, असं पत्रातून जाणवतं. तसं नव्हतं. पूर्वी अनेक शाळांत एपीचं दार शिक्षकांच्या शिफारशीच्या किल्लीने उघडायचं, आणि गरीब घरातल्या, कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना ती किल्ली कमी मिळायची. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये १९८२ साली जेमी एस्कलांते या शिक्षकाची १८ मुलं कॅल्क्युलसची एपी परीक्षा पास झाली, तेव्हा त्यांतल्या १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा पास झाले. तो संशय कुठून आला होता हे सांगायला नको. तुमचा रेस्टॉरंटमध्ये काम करणारा मुलगा त्या काळी एपीच्या वर्गाच्या आसपाससुद्धा दिसला नसता. त्याला बसवण्यात तुमची चूक झाली असं मी म्हणणार नाही.

हीच गोष्ट बघून जे मॅथ्यूज या पत्रकाराने १९९८ मध्ये शाळांची एक क्रमवारी सुरू केली. किती एपीसारख्या परीक्षा दिल्या गेल्या, भागिले बारावी पूर्ण करणारी मुलं. गुण मोजायचेच नाहीत. त्याचं म्हणणं असं, की पास होणाऱ्यांची टक्केवारी मोजली तर शाळा फक्त हुशार पोरं आत घेतील आणि बाकीच्यांना बाहेर ठेवून आकडा चकचकीत करतील. म्हणणं बरोबर होतं. पण नुसती हजेरी मोजली की उलटा खेळ सुरू होतो: बसवा, बसवा, पुढचं पुढे. तुमच्या डिस्ट्रिक्टचा बोनस या दुसऱ्या खेळातला आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. पटावर शिक्षकांची पदं, अनुदान, पोषण आहार सगळं अवलंबून होतं, तेव्हा पट फुगायचा. २०११च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी शाळाशाळांत पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावं कागदावरच निघाली. तुमच्या शाळेतली मुलं खरी आहेत, एवढा फरक. पण नाव पटावर येणं आणि मूल शिकणं यांतलं अंतर दोन्हीकडे तेच.

याच्या पलीकडचं टोकही टेक्सासमध्येच आहे. एल पासोचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा प्रमुख, लोरेन्झो गार्सिया याच्या करारात चाचणीच्या निकालांवर बोनस होता. चाचणी दहावीत व्हायची. म्हणून कच्ची वाटणारी मुलं, त्यांतली बरीच मेक्सिकोतून नुकती आलेली, दहावीत दिसणारच नाहीत अशी सोय केली गेली. कुणाला नववीत अडकवलं, कुणाला थेट अकरावीत ढकललं. २०१२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तुमची गोष्ट त्या जातीची नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण तुमच्या पत्रातला सूर जवळजवळ कबुलीजबाबाचा आहे. मुलगा वर्गात खरोखर बसला होता, विषय चांगला होता, तुम्ही काही लपवलं नाही. मात्र एखाद्या मुलाला न सांगता त्याचं नाव एपीत घातलं जात असेल, किंवा साध्या वर्गाचं नुसतं नाव बदलून एपी केलं जात असेल, तर ती बाब वेगळी. तेव्हा सगळं लिहून ठेवा, आधी तुमच्या संघटनेच्या वकिलाशी बोला आणि मग पुढे जा. टेक्सासमध्ये कायदेभंगाची तक्रार करणाऱ्या सरकारी नोकरांना संरक्षण आहे, पण ते कुणाकडे तक्रार केली यावर अवलंबून असतं. म्हणून वकील आधी.

आता पैशाने काही चांगलं होतं का, हेही बघू, कारण 'सगळेच बोनस वाईट' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. डॅलसमध्ये १९९६ पासून काही शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. एपीत ३ किंवा वर गुण मिळाले की मुलाला आणि त्याच्या शिक्षकाला पैसे. मुलांना एका परीक्षेमागे साधारण १०० ते ५०० डॉलर. अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा एसएटी किंवा एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि कॉलेजात जाणाऱ्यांची सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. लोकांना यातले डॉलर तेवढे लक्षात राहतात. मला महत्त्वाचं वाटतं ते बाकीचं: पैसे परीक्षेनंतर मिळत होते, शिक्षकांना प्रशिक्षण होतं, खालच्या इयत्तांतल्या शिक्षकांचीही तयारी करून घेतली जात होती, जादा तास होते. गारफिल्डमध्येही कॅल्क्युलसचा वर्ग उभा राहण्याआधी बीजगणिताच्या पायाभरणीत काही वर्षं गेली होती. तुमच्याकडे बोनस आला, पण या बाकीच्या गोष्टी आल्या का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. जानेवारीत त्या मुलाला कोण शिकवायला बसतं? शाळा सुटल्यावर तो कामावर असतो, तर जादा तास सकाळी आहेत का?

तर पर्याय.

बोनस परत करणं. करावंसं वाटत असेल तर करा, पण त्याने तुमच्या झोपेपलीकडे काय बदलेल? आकडा तसाच मोजला जाईल, पुढच्या ऑक्टोबरात तुमच्या जागी दुसरं कुणी 'दोन आठवडे थांब' म्हणेल. रक्कम एखाद्या शिष्यवृत्तीला दिली तरी तेच. उलट गुपचूप परत केलीत तर योजनेबद्दल बोलायचं तुमचं कारणच संपतं. मी असते तर या वर्षी पैसे ठेवून घेतले असते आणि तोंड उघडलं असतं.

पुन्हा शिकवायला जाणं. हे तुम्हाला मनापासून हवं असेल तर अवश्य. पण पळवाट म्हणून नको. गणित येणारी, मुलांच्या घरची परिस्थिती कळणारी, आणि स्वतःच्या हेतूवर शंका घेणारी असिस्टंट प्रिन्सिपल शाळांना रोज मिळत नाही.

भांडण. इथे मी थोडी रेंगाळणार आहे. भांडायला जाऊ नका, पण जा नक्की, आणि हातात कागद घेऊन जा. या वर्षी नव्याने एपीत बसवलेल्या मुलांची यादी काढा, नावं झाकून. प्रत्येकापुढे तीन रकाने: पहिल्या सहामाहीचा ग्रेड, जादा मदत मिळाली का, वर्ग बदलायला आला होता का आणि कधी. हा तिसरा रकाना तुम्हाला टोचेल, पण तोच सगळ्यात बोलका आहे. वर्ग बदलायची विनंती ऑक्टोबरच्या मध्यात गोळा झालेली आणि नोव्हेंबरात मुलं हताश झालेली दिसली, तर कुणावर आरोप न करता योजनेतलं भोक दिसतं.

मग मागणी एवढीच. एक, आकडा उचलायची तारीख वर्ग बदलायच्या मुदतीच्या बरीच नंतर न्या, शक्यतो मे महिन्यात. वर्षभर टिकलेली आणि परीक्षेला बसलेली मुलं मोजा. दोन, वर्ग सोडण्याच्या अर्जावर सही करायचा अधिकार बोनस मिळणाऱ्या कुणाकडेच नको. काउन्सेलरना, म्हणजे मुलांना विषयनिवडीत सल्ला देणाऱ्यांना, बोनस नसेल तर त्यांच्याकडे द्या. तीन, बोनस द्यायचाच असेल तर निम्मा भाग मदतीवर ठेवा: नव्याने आलेल्या मुलांसाठी किती तास चालले, किती मुलं आली. नुसते गुण मोजा असं मी म्हणणार नाही. एक तर त्याने दार पुन्हा बंद होईल. दुसरं, गुणांची मोजपट्टीही हलते. यूएस हिस्टरीत २०२३ मध्ये ३ किंवा वर मिळवणारी मुलं निम्म्याहून थोडी कमी होती, २०२४ मध्ये ती ७० टक्क्यांच्या पुढे गेली. मुलं एका वर्षात तेवढी हुशार झाली नव्हती, कॉलेज बोर्डाने गुण ठरवायची पद्धत बदलली होती. त्या वर्षी गुणांवर बोनस असता तर कितीतरी प्रिन्सिपलांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

हे आधी तुमच्या प्रिन्सिपलांना दाखवा, मग दोघांनी मिळून वर न्या. एकट्याने थेट डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डासमोर उभं राहू नका. वसंतात पुढच्या वर्षाचे करार आणि बजेट ठरतात, त्याआधी जा. नंतर गेलात तर सगळे माना डोलावतील आणि काही होणार नाही. आणि योजनेचं मूळ पत्रक शब्दशः वाचा. बऱ्याचदा तोंडी सांगितलेला बोनस आणि कागदावरचा बोनस यांत फरक असतो.

दरम्यान, पुढच्या वर्षीच्या विषयनिवडीत तुम्ही पालकांना सांगू शकता, की माझ्या मूल्यमापनात एपीचा आकडा येतो. सांगा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण ऐकणारा पालक 'बाई किती प्रामाणिक' म्हणून उलट जास्त विश्वास टाकतो. त्यासोबत लगेच सांगा की सोडायची शेवटची तारीख कुठली आणि सोडायचं असेल तर माझ्याकडे यायची गरज नाही.

आता मंडळ. गणपतीत प्रसादाच्या रांगेत 'आमच्या आर्यनला सात एपी पुरतील ना?' असं विचारणारे पालक मीही पाहिले आहेत, आणि तुम्ही त्यांच्यासाठी चालत्याबोलत्या काउन्सेलर झाल्या आहात. तुमच्याच शाळेतल्या मुलांच्या पालकांना शाळेबाहेर सल्ला देणं बंद करा, सरळ नकार द्या. बाकीच्यांना उत्तर देण्याऐवजी प्रश्न द्या, जे त्यांनी आपापल्या शाळेत विचारावेत. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, खूण न उमटता हा वर्ग कधीपर्यंत सोडता येतो? गेल्या वर्षी याच शिक्षकाकडच्या किती मुलांनी परीक्षा दिली आणि कितींना ३ किंवा वर मिळाले? मूल मागे पडलं तर कुठे, किती वाजता, कोण मदत करतं? फी कोण भरतं? २०२५ मध्ये एका परीक्षेची फी ९९ डॉलर होती, आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर परीक्षा रद्द केली तर ४० डॉलर लागतात. सात परीक्षांचा हिशेब पालकांनी स्वतः करावा. आणि एक प्रश्न काउन्सेलरला: जास्त मुलं एपीत आली तर शाळेत कुणाच्या पगारात फरक पडतो का? हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. टेक्सासमध्ये सुपरिंटेंडेंटचा करार सार्वजनिक कागद आहे, लेखी अर्ज करून तो मागता येतो.

सात की तीन, यावर मी काही बोलणार नाही. एवढंच म्हणेन, की ज्या मुलाला स्वतःला तीन विषयांची नावं सांगता येतात आणि उरलेल्या चारांची सांगताना तो आईकडे बघतो, त्याने तीनच घ्यावेत.

राहिला तो वर्ल्ड हिस्टरीतला मुलगा. दुसरी सहामाही सुरू होते आहे आणि अनेक शाळांत या टप्प्यावर वर्ग बदलता येतो, मुदत संपली असली तरी प्रिन्सिपलच्या परवानगीने. त्याला ऑफिसात बोलावू नका, मुलं ऑफिसात 'हो मॅडम' एवढंच म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या काउन्सेलरबरोबर बसा. 'ऑक्टोबरात तू आलास तेव्हा मी तुझं नीट ऐकलं नाही' हे पहिलं वाक्य म्हणा. बोनसची कहाणी त्याला सांगत बसू नका, पंधरा वर्षांच्या मुलावर तुमचं मन हलकं करायची जबाबदारी नको. मग विचारा: राहायचं की जायचं? राहायचं म्हणाला, तर कामावर जाण्याआधीची मदत त्याच दिवशी ठरवा आणि मेची परीक्षा द्यायची की नाही ते त्याच्यावर सोडा. जायचं म्हणाला, तर आतापर्यंतच्या ग्रेडचं काय होईल, जीपीएत काय फरक पडेल हे काउन्सेलरकडून कागदावर लिहून घ्या, म्हणजे नंतर कुणी त्याला वेगळं सांगणार नाही. परीक्षा नोंदवलेली असेल तर रद्द करायचे ४० डॉलर शाळेच्या खात्यातून जातील याची सोय करा, त्याच्या घरी बिल जाता कामा नये. त्याच्या घरी इंग्रजीत बोलणं अवघड जात असेल तर दुभाषा घेऊन फोन करा. काकांशी बोलण्याआधी आईवडिलांशी.

आणि हे काउन्सेलरच्या सहीने होऊ द्या. तुमची सही त्या अर्जावर नको.